प्रतिकारशक्ती दाताशी येऊन का अडते

हिरड्यांतून रक्त येऊ लागले की आपल्याकडे सर्वांत आधी टूथपेस्ट बदलली जाते. मग मीठ-हळद होते, कोणाच्या तरी सांगण्यावरून लवंगेचे तेल होते, आणि गेल्या काही वर्षांत त्यात प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या गोळ्यांची आणि काढ्यांची भर पडली आहे. दंतवैद्याचा क्रमांक अगदी शेवटी लागतो, तोही बहुधा दात हलू लागल्यावर. या क्रमामागे एक समजूत असते: तोंडातले जंतू वाढले म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती कमी पडली, आणि ती वाढवली की हिरड्या आपोआप ताळ्यावर येतील. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले. ही समजूत शिकल्यासवरल्या घरांतही किती घट्ट आहे, हे त्या काळात वारंवार दिसले. प्रत्यक्षात हिरड्यांचा आजार असलेल्या बहुसंख्य लोकांची प्रतिकारशक्ती जागीच असते, किंबहुना त्या जागी ती गरजेपेक्षा अधिक जोर लावत असते. तिचा जोर फुकट जातो तो जंतूंच्या राहण्याच्या पद्धतीमुळे, आणि ती पद्धत समजून घेतल्याशिवाय उपायांविषयी बोलण्यात फारसा अर्थ नाही.

मोरीच्या जाळीखाली, पाण्याच्या टाकीच्या तळाशी किंवा मुठेच्या पात्रातल्या दगडांवर हाताला जो बुळबुळीतपणा लागतो, तो जंतूंनी स्वतः तयार केलेला थर असतो आणि त्याला बायोफिल्म म्हणतात. जंतू पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट द्रव्य स्रवतात आणि त्यातच पिढ्यानपिढ्या राहतात. प्रयोगशाळेत आपण त्यांना मांसरसात सुटे सुटे वाढवतो, त्यामुळे जंतू म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या एकेकट्या पेशी असे चित्र आपल्या डोक्यात बसले आहे. निसर्गात बहुतेक जंतू असे थरात राहतात, ही गोष्ट कॅनडातले बिल कॉस्टर्टन यांनी १९७८ च्या सुमारास ठामपणे मांडली. दातांवर जमणारा पांढुरका प्लाक हा याच प्रकारचा थर आहे. सर्वांना सहज पाहता येईल असे बायोफिल्मचे उदाहरण म्हणून मी वर्गात नेहमी तोच वापरत असे.

प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थी निर्जंतुक टूथपिकने आपल्याच दाढेच्या हिरडीलगतचा थर खरवडत, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात तो पसरवत, वाळल्यावर पट्टी ज्योतीवरून फिरवून पक्की करत आणि ग्रॅमच्या पद्धतीने रंगवत. ऑइल इमर्शनचे भिंग खाली आणले की आधी जांभळ्या गोलाणूंच्या माळा दिसत, मग त्यांच्यातून आडवेतिडवे गेलेले, दोन्ही टोकांना निमुळते होणारे गुलाबी लांबट जंतू दिसत. नशीब चांगले असेल तर मधोमध एक लांब तंतू आणि त्याच्या सर्व बाजूंनी मक्याच्या कणसावरच्या दाण्यांसारखे चिकटलेले गोलाणू, अशी रचनाही सापडे. पण मला त्या पट्टीवर सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट वेगळीच असे. जंतूंच्या ढिगाच्या कडेला एखादी मोठी, फिकट पेशी पडलेली असे आणि तिचे केंद्रक तीन-चार खंडांचे असे. ‘मॅडम, ही रक्तातली पांढरी पेशी इथे काय करते?’ असे दर वर्षी कोणीतरी विचारतच असे. ती न्यूट्रोफिल होती, आणि ती कामावर आलेली होती. पुढचे सारे तिच्याविषयीच आहे.

त्याआधी दाताच्या एका विचित्रपणाकडे पाहायला हवे. गालाच्या आतले, जिभेवरचे आणि आतड्यातले अस्तर सतत झडत असते आणि झडणाऱ्या पेशींबरोबर त्यांना चिकटलेले जंतूही निघून जातात. ही शरीराची अतिशय जुनी आणि खात्रीची साफसफाई आहे, आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. दात मात्र झडत नाही. शिवाय तो अस्तर भेदून बाहेर आलेला कठीण भाग आहे, म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक सांधा कायमचा राहतो. निरोगी माणसात या सांध्यालगतची खाच एक ते तीन मिलिमीटर खोल असते. सूक्ष्मजंतूंना राहण्यासाठी याहून सोयीची जागा शरीरात दुसरी नसावी: खाली न हलणारी जमीन, बाजूला ओलावा, आणि दिवसातून अनेकदा येणारे अन्न.

दात कितीही स्वच्छ घासला तरी काही मिनिटांत लाळेतली प्रथिने त्याच्यावर एक पातळ आवरण तयार करतात. या आवरणाचा दाताला उपयोगही आहे, कारण ते इनॅमलचे आम्लापासून काही प्रमाणात रक्षण करते. पण त्याच प्रथिनांना धरून स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस, स्ट्रेप्टोकॉकस गॉर्डोनाय, स्ट्रेप्टोकॉकस ओरॅलिस यांसारखे पहिले रहिवासी चिकटतात. त्यांच्या पाठोपाठ अॅक्टिनोमायसिस येतात, मग फ्युझोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम नावाचा तो लांबट, निमुळता जंतू येतो. आधी आलेल्यांना आणि नंतर येणाऱ्यांना, दोघांनाही तो चिकटू शकतो. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, ट्रेपोनेमा डेंटिकोला, टॅनेरेला फॉर्सिथिया ही मंडळी सर्वांत शेवटी, थर जाड होऊन आतला प्राणवायू संपल्यावर स्थिरावतात. हिरड्यांच्या गंभीर आजाराशी या तिघांचा निकटचा संबंध आहे, हे सिग्मंड सोक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली दाखवले आणि या त्रयीला ‘लाल गट’ असे नाव दिले. तोंडात आजवर सातशेहून अधिक जातींचे जंतू आढळले आहेत आणि एक ग्रॅम प्लाकमध्ये सुमारे दहा हजार कोटी जंतू असतात, म्हणून थोडासा प्लाक हीसुद्धा किरकोळ गोष्ट नाही.

या सर्वांना बांधून ठेवणारे द्रव्य पॉलिसॅकराइड, प्रथिने आणि मेलेल्या जंतूंतून बाहेर आलेला डीएनए यांचे असते. जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ साली किडलेल्या दातांतून वेगळा केलेला स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा साखरेपासून ग्लुकान नावाचे न विरघळणारे चिकट धागे विणतो. आपल्या घरी दिवसातून चार वेळा होणारा साखरेचा चहा या विणकामाला कच्चा माल पुरवतो. दात किडतो तो आम्लाने, आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. धाग्यांनी थर घट्ट होतो आणि बचावाला आलेल्या गोष्टी बाहेरच अडतात, ही बाजू मात्र कमी सांगितली जाते.

तोंडातल्या बचावाची पहिली फळी लाळेत असते. प्रौढ माणसात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तिच्यात जंतूंचे कवच फोडणारे लायसोझाइम, त्यांचे लोह पळवणारे लॅक्टोफेरिन, त्यांना मारणारी हिस्टॅटिनसारखी छोटी प्रथिने आणि आयजीए प्रकारची प्रतिपिंडे असतात. सुट्या जंतूंवर हे सारे उत्तम चालते. आयजीए तरंगणाऱ्या जंतूंना एकमेकांशी बांधते, त्यांचे गठ्ठे होतात आणि आपण ते गिळून टाकतो. थरातल्या जंतूंच्या बाबतीत गणित बदलते. हिस्टॅटिनसारखी प्रथिने धनभारित असतात आणि थरातला डीएनए ऋणभारित असतो, त्यामुळे ही प्रथिने जंतूपर्यंत पोहोचण्याआधीच धाग्यांना चिकटून वाया जातात. स्ट्रेप्टोकॉकस सँग्विनिस आणि ओरॅलिस यांच्यासारखे पहिले रहिवासी तर आयजीए-१ ला बरोबर सांध्यावर कापणारे एन्झाइमच स्रवतात. कापलेल्या प्रतिपिंडाचा जंतूला धरणारा तुकडा जंतूवरच राहतो आणि इतर घटकांना हाक देणारा तुकडा निघून जातो, म्हणजे जंतूला शत्रूच्या हत्याराचे उलट पांघरूण मिळते. थर पूर्ण अभेद्य असतो असे मात्र समजू नये. त्यात पाण्याचे मार्ग असतात आणि लहान रेणू बऱ्यापैकी आत शिरतात. अडचण आहे ती आत शिरताना त्यांची मात्रा घटत जाण्याची.

आता त्या काचपट्टीवरच्या पेशीकडे येऊ. हिरडीच्या खाचेत रक्तद्रवासारखा एक द्रव सतत झिरपत असतो. त्याच्यातून प्रतिपिंडे, रक्तातली जंतूंवर मारा करणारी पूरक प्रथिने आणि न्यूट्रोफिल येतात. मिनिटाला सुमारे ३०,००० पांढऱ्या पेशी हिरडीच्या सांध्यातून तोंडात उतरतात असा अंदाज आहे, आणि त्यांतल्या बहुसंख्य न्यूट्रोफिल असतात. हिरडी निरोगी असतानाही हे चालू असते. या पेशी थर आणि हिरडीचे अस्तर यांच्यामध्ये भिंतीसारख्या उभ्या राहतात आणि थर हिरडीत घुसू नये इतके काम त्या निश्चित करतात.

न्यूट्रोफिलचे मुख्य हत्यार म्हणजे जंतूला कवेत घेऊन पोटात टाकणे आणि तिथे ऑक्सिजनच्या तीव्र संयुगांनी व एन्झाइमांनी त्याचा निकाल लावणे. ही पेशी साधारण बारा ते पंधरा मायक्रॉन व्यासाची आणि सुटा जंतू एक मायक्रॉनच्या आसपासचा, म्हणजे हे प्रमाण तिच्या बाजूने आहे. थर मात्र शंभर मायक्रॉनहून जाड असू शकतो, तो दाताला धरून बसलेला असतो, आणि त्यातला एकेक जंतू सोडवून घेणे तिला जमत नाही. पोटात घेता येत नाही असा मोठा पृष्ठभाग समोर आला की न्यूट्रोफिल आपल्या पोतड्यांतला माल बाहेरच ओतते. इलॅस्टेज, कोलॅजेन कापणारी एन्झाइमे, ऑक्सिजनची तीव्र संयुगे हे सारे खाचेत सांडते. धाग्यांच्या आडोशाला असलेल्या जंतूंचे त्याने फारसे बिघडत नाही. बिघडते ते शेजारच्या हिरडीचे, कारण तिचा आधारच कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचा आहे. त्यात बोलावणी वाढत जातात, आणखी पेशी येतात, प्रतिकारशक्तीच्या टी आणि बी पेशी येऊन ठाण मांडतात, त्यांच्या संकेतांनी हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी जाग्या होतात आणि दाताभोवतीचे हाड हळूहळू झिजते. ज्याला आपण पायरिया म्हणतो त्यातला दात प्रामुख्याने या माऱ्यात ढासळतो. जंतूंनी हाड कुरतडले असे म्हणणे ऐकायला सोपे आहे, पण ते फार तर अर्धसत्य आहे.

एक शंका इथे रास्त आहे: मग न्यूट्रोफिल नसत्या तर बरे झाले असते का? तसे अजिबात नाही. काही मुलांमध्ये जन्मजात दोषामुळे पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरून बाहेर पडता येत नाही, आणि त्यांच्या हिरड्यांचा आजार इतका तीव्र असतो की दुधाचे दातही लवकर गळतात. अलीकडच्या अभ्यासांतून असे दिसले आहे की त्या मुलांमध्येही हाडाची झीज बरीचशी अनावर झालेल्या दाहामुळे होते. न्यूट्रोफिल ऊतींपर्यंत पोहोचल्यावर दाहाला लगाम घालण्याचा जो संकेत मिळायला हवा, तोच तिथे मिळत नाही. प्रतिकारशक्ती कमी किंवा जास्त अशा एकाच मापाने मोजायची सवय किती अपुरी आहे, हे एवढ्या एका आजारावरून लक्षात यावे.

थराने आडोसा दिला तरी काही जंतू तेवढ्यावर समाधान मानत नाहीत. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिसचे कारस्थान मला आजही थक्क करते. या जंतूला प्रथिने खाऊन जगायचे असते आणि ती त्याला दाह झालेल्या हिरडीतून झिरपणाऱ्या द्रवातून मिळतात, म्हणजे दाह थांबला तर त्याची उपासमार होते आणि न्यूट्रोफिल नीट काम करू लागल्या तर त्याचा जीव जातो. त्याने दोन्ही साधले आहे. त्याची जिंजिपेन नावाची एन्झाइमे पूरक प्रथिनांतले सी-५ स्वतःच कापून सी-५-ए तयार करतात, आणि हा तुकडा न्यूट्रोफिलच्या एका ग्राहकाला, म्हणजे बाहेरचे संकेत टिपणाऱ्या प्रथिनाला, बसत असतानाच जंतू तिच्या दुसऱ्या ग्राहकाला, टीएलआर-२ ला, डिवचतो. या दोन संकेतांची सांगड बसली की न्यूट्रोफिल गिळण्याचे काम थांबवते आणि दाहाचे संकेत मात्र पाठवत राहते. जॉर्ज हाजिशेंगालिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या उंदरांवरील कामात आणखी एक गोष्ट दिसली: हा जंतू अगदी कमी संख्येने असला तरी आधीपासून असलेल्या इतर जंतूंची संख्या आणि घडण बदलून हाडाची झीज सुरू करू शकतो. त्याने न्यूट्रोफिलला असे निकामी केले की त्याच्याबरोबर राहणारे सारे शेजारी वाचतात. थरात एकत्र राहण्याचा खरा फायदा इथे दिसतो, कारण एकाची युक्ती सगळ्या वस्तीला लागू होते.

शेजाऱ्यांमधले व्यवहारही थोडेथोडके नाहीत. स्ट्रेप्टोकॉकस गॉर्डोनाय हायड्रोजन पेरॉक्साइड सोडतो. त्याच्या जवळ राहणारा अॅग्रिगेटिबॅक्टर अॅक्टिनोमायसेटेमकॉमिटन्स ते ओळखून स्वतःच्या पृष्ठभागावर एक प्रथिन वाढवतो. हे प्रथिन आपल्याच रक्तातल्या फॅक्टर एच ला धरून ठेवते. फॅक्टर एच हा आपल्या पेशींना पूरक प्रथिनांच्या माऱ्यातून वाचवण्यासाठी असतो, त्यामुळे तो अंगावर बाळगणारा जंतू शरीराला परका वाटत नाही. याच जंतूजवळ पांढऱ्या पेशींना मारणारे विषही आहे. ट्रेपोनेमा डेंटिकोलाही फॅक्टर एच ला धरून ठेवतो, आणि काही जातींचे जंतू न्यूट्रोफिलने जंतू अडकवायला टाकलेले डीएनएचे जाळे कापणारी एन्झाइमे बाळगतात. एवढी सामग्री समोर असताना च्यवनप्राशाच्या दोन चमच्यांनी काय साधेल, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांवर सोडत असे.

थर काढला की काय होते हे मात्र अगदी स्वच्छ माहीत आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हुस इथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी होते, दात घासणे पूर्ण थांबवायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासणे सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. त्यांच्या प्रतिकारशक्तीला कोणी हात लावला नव्हता. बदलला होता तो फक्त थर.

थरावर रसायनांची मात्रा का चालत नाही, याची पहिली नोंद तर सतराव्या शतकातली आहे. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचे आंतोनी फान लेवेनहुक यांनी १६८३ साली रॉयल सोसायटीला लिहिलेल्या पत्रात दातांवरच्या पांढऱ्या द्रव्यात वळवळणाऱ्या जिवांचे वर्णन केले होते. पुढे त्यांना असेही दिसले की शिर्क्याने दात धुतल्यावर थराच्या बाहेरचे जीव मेले, आतले तसेच राहिले. आज आपण औषधाच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणतो किंवा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या चुळा महिनोन्‌महिने भरत राहतो, तेव्हा त्याच अनुभवाची पुनरावृत्ती करत असतो. आतल्या थरातले जंतू मंद गतीने वाढतात, त्यामुळे वाढणाऱ्या पेशींवर घाव घालणारी औषधे त्यांच्यावर कमी चालतात, आणि मात्रा पोहोचत नाही ती नाहीच. क्लोरहेक्सिडिनचा उपयोग आहे, पण तो थर काढून झाल्यावर नवा बसू नये म्हणून, आणि तोही दंतवैद्य सांगतील तितकेच दिवस. अन्यथा चहा पिणाऱ्यांच्या दातांवर त्याचे तपकिरी डाग तेवढे उठतात.

आमच्या सोसायटीतले एक काका मला जिन्यात गाठून म्हणाले होते, ‘मॅडम, क्लीनिंग करून घेतले आणि दातांत फटी पडल्या हो! होते तेच बरे होते.’ पुण्यात ही तक्रार इतकी प्रचलित आहे की तिच्यामुळे कित्येक लोक साफसफाई टाळतात. फटी पडलेल्या नसतात, त्या उघड्या पडलेल्या असतात. जुना प्लाक लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटमुळे काही दिवसांतच कडक होऊ लागतो, त्याचे कीटण होते. हिरडी सुजून वर आलेली असते आणि खालचे हाड झिजलेले असते. झिजेने झालेली पोकळी इतकी वर्षे कीटणाने आणि सुजेने भरून काढलेली असते. कीटण निघाले आणि सूज उतरली की ती दिसते. काकांना हे मी सांगितले, पण त्यांचा पूर्ण विश्वास बसला असे वाटले नाही.

प्रतिकारशक्तीचा खरोखरच संबंध येतो अशा दोन परिस्थिती आवर्जून सांगायला हव्यात. मधुमेहात साखर आटोक्यात नसेल तर न्यूट्रोफिलचे काम बिघडते, दाहही वाढतो आणि हिरड्यांचा आजार बळावतो. उलट बाजूने, हिरड्यांतला दीर्घकाळचा दाह साखर आटोक्यात येऊ देत नाही. दुसरी परिस्थिती तंबाखूची. धूम्रपान करणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, आणि ते त्यांना चांगले लक्षण वाटते. आतमध्ये हाड झिजतच असते. आपल्याकडे अजूनही पेठांतल्या आणि आसपासच्या गावांतल्या वयस्कर बायका बोटाने मिश्री लावतात आणि तिने दात मजबूत राहतात असे मानतात. थर तिने निघत नाही, हिरडी मात्र मागे सरते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका येतो तो वेगळाच.

थर मोडायचा तो हाताने, आणि तो परत पक्का होण्याआधी, म्हणजे रोज. ब्रशचे तंतू दाताच्या मध्यावर जोरजोरात घासण्यापेक्षा ते हिरडीच्या कडेला साधारण ४५ अंशांत टेकवून हलके हलवणे अधिक कामाचे आहे, कारण न्यूट्रोफिलची रांग नेमकी तिथेच उभी असते. दोन दातांमधल्या जागेत ब्रश पोहोचत नाही, तिथे धागा किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश लागतो. दंतवैद्याकडे गेल्यावर त्यांनी खूणा असलेल्या बारीक सळईने खाचेची खोली मोजली की नाही हे विचारावे आणि आकडे लिहून घ्यावेत. तीनपर्यंतच्या आकड्यांची काळजी घरच्या स्वच्छतेने घेता येते. खोली पाच-सहा मिलिमीटर झाली की तळाशी घरचे कोणतेच साधन पोहोचत नाही. तिथला थर आधी मुळापर्यंत साफ करून घ्यावा लागतो, आणि तो पुन्हा बसतो म्हणून पुढेही दर तीन-चार महिन्यांनी त्याच खुर्चीत जाऊन बसावे लागते.